रात्रीचा मुक्काम शिकावा लागतो

(अकोल्यात जठारपेठेत झालेल्या किशोरी गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज मी मुलींच्या निवासी शिबिराबद्दल बोलावं असं ठरलं आहे. शिबिरातली गाणी, खेळ, गटचर्चा, व्याख्यानं यांबद्दल तुमच्यातल्या अनेकींना माझ्याहून जास्त अनुभव आहे. म्हणून मी बोलणार आहे ते फक्त रात्रीबद्दल. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, या बारा तासांबद्दल. कारण आपलं काम अडतं ते इथेच.

दिवसाच्या शिबिराला हॉल भरतो. ‘मुक्काम आहे’ म्हटलं की निम्मी नावं गळतात. उरलेल्यांच्या आया दारात उभं करून विचारतात, ‘‘ताई, पोरी झोपतीन कुठी? संडासचं कसं? पाळी आली त मंग? रात्री संग कोन राहीन? आन् लोकं का म्हनतीन?’’

हे पाच प्रश्न आपण मागासलेपणाचे म्हणून झटकून टाकतो. मला ते तसे वाटत नाहीत. त्यातले पहिले चार प्रश्न व्यवस्थेचे आहेत, कौशल्याचे आहेत. त्यांची उत्तरं शिकता येतात आणि शिकवता येतात. पाचवा प्रश्न सत्तेचा आहे. पण पहिल्या चारांची उत्तरं आपल्याकडे नसली की पाचवा त्यांच्या आड लपतो. ‘लोक काय म्हणतील’ असं न म्हणता ‘संडासची सोय नाही’ असं म्हणून मुलीला घरी ठेवता येतं. म्हणून मुक्कामाची कौशल्यं हा मला स्त्री-चळवळीचाच विषय वाटतो, तो फक्त सहलीचा किंवा खेळाच्या तासाचा नाही.

आता आपल्याच गावाकडे पाहू. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला अभिषेक होतो. आदल्या रात्री तरुण मुलगे रात्रभर रस्त्यावर असतात. कावड खांद्यावर, पाय अनवाणी, घरी परतायला दुसरा दिवस. ‘लोक काय म्हणतील’ असं त्यांच्या आईला कोणी विचारत नाही. शेतात रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जायचं ते पुरुषांनी. त्याच शेतात दिवसभर निंदण, वेचणी करणारी बाई अंधार पडायच्या आत घरी पाहिजे. जमीन तीच, धुरा तोच, फक्त रात्र तिची नाही.

ही रात्र बायकांकडून संरक्षणाच्या नावाखाली काढून घेतलेली आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्रपाळीची मनाई केली होती. महाराष्ट्रात ती २०१५ साली, सुरक्षेच्या अटी घालून, शिथिल झाली. इंग्लंडमध्ये १९७७ साली एक खुनी बायकांचे खून करत हिंडत होता, तेव्हा पोलिसांनी बायकांनाच रात्री घराबाहेर पडू नका असं सांगितलं. त्यावर लीड्समधल्या बायकांनी रात्री मोर्चा काढला. गुन्हा करणारा मोकळा आणि बंदी आमच्यावर का, असं त्यांनी विचारलं. आपल्याकडे बंगळुरूमध्ये २००३ साली सुरू झालेल्या ‘ब्लँक नॉइज’ या गटाने बायकांना सार्वजनिक बागेत येऊन झोपायचं आवाहन केलं. काही करायचं नाही, नुसतं पडायचं आणि झोपायचं. ज्यांनी ते करून पाहिलं त्यांना पाठ टेकणं किती अवघड आहे ते कळलं. उघड्यावर निर्धास्त झोपणं ही सवय आहे आणि ती सवय आपल्याला लागूच दिलेली नाही.

पण ‘बायका उघड्यावर झोपत नाहीत’ हे तरी खरं आहे का? ते फक्त पक्क्या घरांत राहणाऱ्यांपुरतं खरं आहे. पालात राहणाऱ्या भटक्या जमातींच्या बायका, ऊसतोडीला गेलेल्या आणि कोपीत संसार मांडणाऱ्या बायका, मेळघाटातून कामासाठी खाली उतरणारी कोरकू कुटुंबं, पंढरीच्या वाटेवर राहुटीत नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपणाऱ्या म्हाताऱ्या वारकरीण बाया. यांची रात्र उघड्यावरच जाते. त्यांच्यापैकी बहुतेकींना ती निवडीने मिळालेली नाही. त्यात असुरक्षितता आहे, अपमान आहे, आणि त्याचं कौतुक करून चालणार नाही. पण जागा कशी निवडायची, तीन दगडांवर चूल कशी पेटवायची, पोराला अंथरुणात घेताना आधी काय झटकायचं, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. तंबूची कौशल्यं शिकवायला दर वेळी पुण्या-मुंबईहून प्रशिक्षक आणायची गरज नाही. आपल्या वस्त्यांतली एखादी बाई मानधन देऊन, ‘बाई’ म्हणून, शिक्षिका म्हणून बोलवा. ज्या मुलींना पालावरच्या म्हणून वर्गात हिणवलं जातं, त्यांच्या आईला गटासमोर शिकवताना त्यांनी पाहिलं पाहिजे.

थोडा इतिहास सांगते, कारण हा झगडा नवा नाही. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्याला काही मुली न बोलावता जाऊन उभ्या राहिल्या. आम्हीपण स्काउट आहोत, म्हणाल्या. पुढच्याच वर्षी मुलींसाठी गर्ल गाईड ही वेगळी संघटना निघाली. पण १९१२ सालच्या त्यांच्या पुस्तिकेच्या नावातच मुली साम्राज्य उभारायला कशी मदत करू शकतात हे सांगितलं होतं. म्हणजे दार उघडलं, पण आत गेल्यावर कुठे बसायचं तेही ठरवून ठेवलं. भारतात १९११ साली जबलपूरला पहिली गाईड कंपनी निघाली, तीही युरोपीय मुलींसाठी. स्वातंत्र्यानंतर १९५० साली भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था झाली आणि १९५१ साली गाईड्स तिच्यात सामील झाल्या. पुण्यात १९६६ साली सुरू झालेलं ‘संगम’ हे गाईड चळवळीच्या जागतिक केंद्रांपैकी एक आहे. जगभरच्या मुली तिथे मुक्कामाला येतात.

दुसरी परंपरा आपल्या चळवळींची. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून मुलं-मुली एकत्र आणून शिबिरं घेतली, तीही त्या काळात. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तरुण-तरुणी उन्हाळ्यात येऊन राहतात, माती उपसतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली आणि तिच्या सात दिवसांच्या शिबिरामुळे खेड्यांतल्या हजारो मुली पहिल्यांदा घराबाहेर झोपल्या. मात्र याच शिबिरांत मी हेही पाहिलं आहे की दिवसभर मुली श्रमदान करतात आणि संध्याकाळी टेम्पोतून घरी परत जातात. शेकोटी, गप्पा, पहारा हे सगळं मुलांच्या वाट्याला. सकाळी सातला मुली परत येतात त्या थेट पोह्यांच्या कढईपाशी.

स्काउट-गाईडमधली एक गोष्ट आपण नक्की उचलावी. तिथे प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार असे टप्पे आहेत. एकदम कोणाला जंगलात नेत नाहीत. आपणही पाच पायऱ्या करू. पहिली रात्र एखाद्या कार्यकर्तीच्या अंगणात किंवा गच्चीवर. वऱ्हाडात उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची रीत आहेच, ४५ अंशांच्या पुढे पारा गेला की घरात झोपवत नाही. म्हणजे पहिली पायरी आईला परकी वाटत नाही. दुसरी रात्र गावातल्या शाळेत. तिसरी दुसऱ्या गावात, तिथल्या महिला बचत गटाच्या भरवशावर. चौथी शेतात, तंबूत. पाचवी डोंगराच्या पायथ्याशी. प्रत्येक पायरीवर मोठ्यांनी करायचं काम कमी होत जाईल आणि मुलींनी करायचं वाढत जाईल. पाचव्या पायरीवर आपण फक्त सोबत असायचं.

आता प्रत्यक्ष कौशल्यांकडे येते. वही काढलीत तर बरं.

पहिलं, जागा. पाचव्या पायरीला सगळ्यांच्या मनात नरनाळा आणि मेळघाट येतो. तिथे आपल्या मनाने मुक्काम करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही आणि आग लावणं गुन्हा आहे. हेच काटेपूर्णा अभयारण्यालाही लागू आहे. म्हणून वन विभागाकडे अर्ज करणं, राहायला परवानगी असलेली जागाच घेणं, हे पहिलं कौशल्य. हा अर्ज मुलींनी लिहावा आणि त्यांनीच कार्यालयात नेऊन द्यावा. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून आपलं म्हणणं सांगणं हे तंबू ठोकण्याइतकंच शिकावं लागतं. जागा उंचावरची, सपाट, निचरा होणारी बघायची. नाल्याच्या पात्रात कधीही नाही, डोंगरात वर पाऊस पडला तर खाली चांदणं असतानाही पाणी येतं. वाळलेल्या फांदीखाली नाही. गाव हाकेच्या अंतरावर असावं आणि त्या गावाला आपण आल्याचं माहीत असावं.

दुसरं, पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत आहे. तिथल्या विहिरीचं पाणी उकळलं तर जंतू मरतील, खार जाणार नाही. म्हणून पाणी कुठून आणायचं हे आधी जाऊन बघायचं. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी निदान पाच लिटर धरा. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवा किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. जुलाब लागले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे प्रमाण मुलींना पाठ पाहिजे, साखर-मीठ ‘अंदाजाने’ टाकलेलं चालत नाही.

पाण्याबद्दल आणखी एक. धरण, नदी, समुद्र यांत पोहायला उतरायचं नाही, हा नियम कोणासाठीही मोडायचा नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. म्हणून डोकी मोजायची सवय लावा. दर तासाला, निघताना, पोचल्यावर, झोपताना. आणि मोजणारी मुलगी रोज बदला.

तिसरं, झोपणं. महागडी झोपायची पिशवी नको. खाली ताडपत्री, तिच्यावर सतरंजी, मग वाकळ. थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त जमिनीतून लागते, म्हणून अंथरूण पांघरुणापेक्षा जाड. अनेक जण कडबा अंथरतात, पण कडब्यात विंचू बसतो, तो नकोच. ताडपत्री, दोन बांबू आणि दोरी एवढ्यावर तंबू उभा राहतो. गाठ कोणती? गोऱ्ह्याला दावं बांधतो ती ज्या मुलींना येते, त्यांनी बाकीच्यांना शिकवावी. ओढ लागली की घट्ट होणारी आणि सकाळी चटकन सुटणारी, एवढं कळलं की पुरे.

चौथं, साप आणि विंचू. याची भीती खरी आहे आणि उपाय साधे आहेत. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते आणि पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. म्हणून मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचायच्या. ही सर्वांत स्वस्त सुरक्षा आहे. पहाटे एखादीचं पोट दुखायला लागलं, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, तर झोप म्हणून सोडून देऊ नका, लगेच हलवा. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि रुग्णालय गाठायचं. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सापाची लस आहे हे निघायच्या आधी जाऊन विचारून यायचं. विंचवाबद्दल सांगायचं तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कित्येक जीव वाचले. म्हणजे तिथेही उतारा दवाखान्यातच आहे. सकाळी बूट-चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायची नाही आणि रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. ११२ आणि १०८ हे दोन नंबर सगळ्यांना तोंडपाठ हवेत, आणि फोनला रेंज कुठे येते ती जागाही दाखवून ठेवा.

पाचवं, संडास आणि पाळी. आयांचा खरा प्रश्न हा असतो आणि शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत याला जागाच नसते. पाण्यापासून आणि राहण्याच्या जागेपासून शंभर पावलं दूर चर खणायचा, तिन्ही बाजूंनी चादरी लावायच्या, शेजारी मातीचा ढीग आणि खुरपं. प्रत्येकीने वरून माती लोटायची. निघताना चर बुजवायचा. एकच जागा एका रात्रीपुरती लागत असेल तर वीतभर खोल खड्डा पुरतो. रात्री दोघींनी मिळून जायचं आणि पहाऱ्यावरच्या मुलीला सांगून जायचं. पाळीसाठी कापड किंवा पॅड सामायिक पेटीत ठेवा, म्हणजे मागावं लागणार नाही. वापरलेलं कुठे टाकायचं, कापड कुठे धुवायचं, कुठे वाळवायचं हे पहिल्याच संध्याकाळी उघडपणे सांगा. कापड उन्हात वाळलं पाहिजे, दुसऱ्या कपड्याखाली दडवून नाही. आणि पाळी आलेल्या मुलीचा स्वयंपाकाचा, पाण्याचा पाळा बदलायचा नाही. पोटात दुखत असेल तर तिने विश्रांती घ्यावी, विटाळ म्हणून बाजूला बसू नये. घरात जो नियम मोडायला दहा वर्षं लागतात, तो शिबिरात एका रात्रीत मोडता येतो, कारण तिथे ओटा कोणाच्याच सासूचा नसतो.

सहावं, चूल. वऱ्हाडात शेतात रोडग्यांचा कार्यक्रम असतो तेव्हा गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायला, वांग्याची भाजी टाकायला पुरुष हौसेने पुढे असतात. घरच्या ओट्यापाशी तेच पुरुष पाणीसुद्धा हाताने घेत नाहीत. म्हणजे येत नाही असं नाही, त्या कामाला मान कुठे मिळतो हा प्रश्न आहे. जिथे मुलं-मुली एकत्र शिबिर असेल तिथे कामाचे पाळे चिठ्ठ्या टाकून ठरवा. कणीक मुलांनी मळावी, भांडी त्यांनी घासावीत, आणि दोर ओढून तंबू उभा करायला मुलींनी जावं. पोळी वेडीवाकडी झाली तर हसू नका, तंबू कलला तरी हसू नका. पंगत एक, पाण्याचा माठ एक. कोणाच्या हातचं कोण खात नाही हे लपून राहत नाही. पाणी वाढणारी मुलगी कोण आहे हे पाहून कोणी ग्लास खाली ठेवला, तर कार्यक्रम थांबवून त्यावर बोललं पाहिजे. शिबिरातलं ते सर्वांत महत्त्वाचं सत्र होईल. जेवण पळसाच्या पत्रावळीवर घ्या. झोपण्यापूर्वी चुलीवर पाणी ओता, राख हाताने चाचपून गार झाल्याची खात्री करा.

सातवं, अंधार. बहुतेक मुलींनी पूर्ण अंधार पाहिलेलाच नसतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणून पहिल्या संध्याकाळी सगळ्या बॅटऱ्या, मोबाइल बंद करून अर्धा तास नुसतं बसायचं. बोलायचं नाही. मग काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगायचं. टिटवी, रातकिडे, लांबचा ट्रक, कुत्रं. आवाजाला नाव मिळालं की तो निम्मा कमी होतो. उत्तर दिशा ओळखायला शिकवा. थंडीत संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, ते रात्री उशिरा वर येतात. तोवर शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधायचा. पूर्वेला मृग वर येतो. रात्रीचा पहारा दोघी-दोघींचा, दोन-दोन तासांचा. हातात बॅटरी, गळ्यात शिटी. किती शिट्यांचा अर्थ काय ते आधी ठरलेलं हवं. उशिराच्या पहाऱ्याच्या मुलींना सप्तर्षी आले का ते वहीत लिहायला सांगा. मला पहाऱ्यावरची एक मुलगी म्हणाली होती, ‘‘ताई, आजवर माझ्यावर सगळे लक्ष ठेवत होते. आज मी सगळ्यांवर ठेवलं.’’

आठवं, माणसं. साप, थंडी, अंधार यांपेक्षा मोठी भीती माणसाची असते, आणि ती बाहेरच्याच माणसाची असते असं नाही. शिबिरातला स्वयंसेवक, गाडीचा चालक, पाहुणा वक्ता, कोणीही असू शकतो. म्हणून नियम लेखी हवेत. मोठा माणूस एकट्या मुलीबरोबर तंबूत किंवा खोलीत नाही. रात्री किमान दोन प्रौढ स्त्रिया मुक्कामाला. तक्रार कोणाकडे करायची तिचं नाव फळ्यावर लिहिलेलं, आणि ती शिबिरप्रमुखाहून वेगळी. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुला-मुलीवर असा गुन्हा झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. संस्थेची बदनामी होईल, पुढच्या वर्षी कोणी मुली पाठवणार नाही, असं म्हणून प्रकरण मिटवणाऱ्या आपण होऊ नये. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर मुलींना द्या. सुरक्षितता म्हणजे मुलींना कोंडणं नव्हे असं आपण भाषणात म्हणतो. मग कोंडल्याशिवाय सुरक्षित कसं ठेवायचं, हे आपण करून दाखवायला लागतं.

शेवटी आयांबद्दल. संमतीपत्रावर सही वडिलांची घेतो, पण प्रश्न आईला पडलेले असतात आणि काही बरंवाईट झालं तर दोषही तिच्याच माथी येतो. म्हणून निघण्याआधी आयांची एक बैठक घ्या. हे सगळं, म्हणजे चर, मच्छरदाणी, पहारा, दवाखाना, त्यांना दाखवा. मुलींनीच दाखवावं. शक्य असेल तर पहिल्या पायरीच्या रात्री दोन-तीन आयांना मुक्कामालाच बोलवा. स्वयंपाकाला नाही, पाहुण्या म्हणून. लग्न, बाळंतपण, दवाखाना आणि मयत सोडून त्यांच्यापैकी कितीजणी घराबाहेर झोपल्या असतील, तुम्हीच आठवून पाहा.

आणि ज्यांच्या मुलीला आपण सगळं सांगूनही पाठवत नाहीत, त्यांच्यावर रागावू नका. पुढच्या पायरीला पुन्हा जा. आता त्यांच्याकडे चार प्रश्न उरलेले नसतील. उरलेला पाचवा प्रश्न त्यांना मोठ्याने म्हणावा लागेल, आणि तो मोठ्याने म्हटला की त्यावर बोलता येतं.

माझी सूचना साधी आहे. या हिवाळ्यात प्रत्येक गटाने पहिली पायरी करावी. एक अंगण, एक रात्र, पंधरा मुली. नंतर मुलींनीच दोन पानं लिहून आणावीत. काय विसरलं, काय पुरलं नाही, कोण घाबरलं, कोण रडलं, कोणाला झोप लागली. पुढच्या बैठकीत आपण ती वाचू आणि त्यावरून दुसऱ्या पायरीची यादी करू. अंगण कोण देणार, हे मात्र आज इथून उठण्याआधी ठरवू या.